डोके आपले, रस्ता सगळ्यांचा



रोहिणी संपून मृगाचे वेध लागले की या सदरात बियाणे, बीजप्रक्रिया आणि पेरणीची ओल यांखेरीज दुसरे बोलणे सहसा होत नाही. या खेपेस मात्र विषय थोडा बांधाबाहेरचा घेतला आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. आपल्या विदर्भात जूनच्या अखेरीस शाळा उघडतात. मालेगाव तालुक्यातल्या खेड्यापाड्यांतली मुलेमुली उन्हाळाभर कोनाड्यात उभ्या असलेल्या सायकली पुसून बाहेर काढतील. त्याच सुमारास शेतावर जाणारे गडी, दुधाच्या कॅन लावून डेअरीकडे निघालेली मंडळी आणि कॅरियरवर खताची गोणी आवळून बांधलेले शेतकरीही रस्त्यावर येतील.

मोटारसायकलच्या हेल्मेटवरून कडक तपासणी सुरू झाली, तेव्हापासून पारावर एक वाद रंगतो आहे. सायकलवाल्यालाही हेल्मेट असावे की नसावे? एक बाजू म्हणते, "मोटारसायकलवाल्याचं डोकं डोकं, अन् सायकलवाल्याचं काय दगडाचं हाय?" दुसरी बाजू लगेच विचारते, "आज सायकलीले म्हणता, उद्या बैलगाडीवाल्यालेही घालसान का?" आणि या दोघांच्या मध्ये एखादी माउली हळूच बोलते, "पोरीले सायकल भेटली म्हणून शाळा चालू हाय. आता वरून टोपीबी घ्या म्हणसान, त घरचे म्हणतीन, सायकलच नको अन् शाळाबी नको."

मंडळी, या तिन्ही बोलण्यांत तथ्य आहे. म्हणून हा विषय हसण्यावारी न नेता नीट पाखडून पाहू. दाणे कोणते आणि फोल कोणते, ते आपले आपल्यालाच दिसेल.

कायदा काय सांगतो?

प्रथम कायद्याचे पाहू, कारण यात गैरसमज फार आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे मोटारसायकल, स्कूटर व तत्सम वाहनावर बसणाऱ्याने हेल्मेट घालणे बंधनकारक आहे. मागे बसणाराही त्यातून सुटत नाही. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना तेवढी सवलत आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी फक्त भारतीय मानक चिन्हाचीच हेल्मेटे विकावीत, असा केंद्र सरकारचा नियम आहे. पण हे सारे मोटारीच्या बळावर चालणाऱ्या वाहनाबद्दल झाले. पायडल मारून चालवायच्या सायकलीला ते लागू नाही. म्हणजे सायकलस्वाराने हेल्मेट घातले नाही म्हणून त्याला या कायद्याखाली कोणी दंड करू शकत नाही.

हल्ली बॅटरीवरच्या सायकलीही दिसू लागल्या आहेत. ज्यांची मोटार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतच, त्यांची गणना नियमात मोटार वाहनात होत नाही. कायद्याने हेल्मेट नाही. पण पायाला कष्ट न पडता वेग मिळतो, तिथे माणसाचा सावधपणा कमी होतो. अशा सायकलीवर हेल्मेट असलेले बरे, हे माझे स्वतःचे मत.

मोटारसायकलच्या हेल्मेटवरूनही आपल्या महाराष्ट्रात थोडा का वाद झाला? एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे या वादात सर्वांत पुढे. जानेवारी २०१९ मध्ये तिथे पोलिसांनी सक्तीची अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली. शहरात गर्दीमुळे वेगच नसतो, मान दुखते, मागचे ऐकू येत नाही, गाडी लावल्यावर ते ठेवायचे कुठे, असे त्यांचे म्हणणे. उलट बाजूला सरकारी आकडे आहेत. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार व त्यांच्यामागे बसलेले मिळून ५०,०२९ होते. मृतांत सायकलस्वारही चार हजारांहून अधिक होते. आकडा मोटारसायकलवाल्यांच्या मानाने लहान आहे; पण ज्या घरातला माणूस गेला त्या घराला आकडा लहान-मोठा नसतो.

जुन्या मंडळींना आणखी एक गोष्ट आठवत असेल. पूर्वी तालुक्याच्या गावी सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलात तर पोलिस चाकातली हवा सोडून देई आणि सायकल हातात धरून घरी यावे लागे. त्या काळी हेल्मेटाचे नाव कोणी काढले नव्हते, पण दिव्याचा आग्रह होता. पुढे बिल्लाही गेला आणि दिवाही गेला. वाहनांचा वेग मात्र तेवढा वाढला. ही गोष्ट लक्षात ठेवा. तिचे काम पुढे आहे.

हेल्मेट करते तरी काय?

सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. चाक घसरून तो बाजूला कोसळला, तर एवढ्या उंचीवरून पडणारे डोके जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी १९ ते २० किलोमीटर होतो. सायकल अगदी हळू असली तरी हे घडते. आपली कवटी कठीण असली तरी आतला मेंदू लोण्यासारखा मऊ आहे. डोके एकदम थांबते, मेंदू मात्र आत हेलकावा खाऊन कवटीवर आपटतो. खरी इजा तिथे होते. वरून रक्ताचा थेंब दिसत नाही आणि आत रक्त साकळत जाते.

मडके फरशीवर पडले तर फुटते, कुटाराच्या ढिगावर पडले तर वाचते. पडण्याची उंची तीच. पण कुटार दबते आणि मडक्याला थांबायला थोडी उसंत देते. सायकलीच्या हेल्मेटात आतून जे जाड थर्माकोल असते ते हेच काम करते. ते स्वतः दबते, चिरडते आणि धक्का खाऊन टाकते. म्हणून एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. त्याने आपले काम केलेले असते.

त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. युरोपात सायकलीची हेल्मेटे तपासताना ती सपाट पृष्ठभागावर ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटर वेगाने आदळवतात. म्हणजे दीड मीटरवरून पडण्याइतकाच तो मार. भरधाव ट्रकच्या धडकेसाठी ते बनवलेलेच नाही. ते घातले म्हणून हायवेवर छाती काढून चालता येईल, असे कोणी समजू नये.

मग त्याचा उपयोग किती? नॉर्वेतील संशोधिका अलेना ह्यॉये यांनी २०१८ साली निरनिराळ्या देशांतल्या पन्नासाहून अधिक पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला. अपघातात सापडलेल्या सायकलस्वारांत हेल्मेट घातलेल्यांना डोक्याची इजा ४८ टक्क्यांनी कमी आणि गंभीर इजा ६० टक्क्यांनी कमी, असे त्यांना आढळले. जे लोक ताशी चाळीस किलोमीटरने सायकली पळवतात, त्या शर्यतपटूंनीही आधी पुष्कळ वर्षे विरोध केला होता. मार्च २००३ मध्ये आंद्रेई किविलेव्ह हा खेळाडू फ्रान्समधील शर्यतीत पडून डोक्याच्या इजेने गेला आणि त्याच वर्षी सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हेल्मेट सक्तीचे केले.

तेव्हा हेल्मेट निरुपयोगी आहे, हे म्हणणे टिकत नाही.

मग सक्तीच का करू नये?

इथे दुसरी बाजू ऐकली पाहिजे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सर्व सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. जगात असा कायदा प्रथम तिथेच झाला. डोक्याच्या इजा कमी झाल्या, पण कायद्यानंतरच्या मोजणीत रस्त्यावरचे सायकलस्वारही कमी भरले, आणि सर्वांत जास्त घट किशोरवयीन मुलामुलींत दिसली. मग वाद उभा राहिला. इजा हेल्मेटामुळे कमी झाल्या की सायकलीच कमी झाल्या म्हणून? हा वाद तज्ज्ञांत आजही मिटलेला नाही. न्यूझीलंडने १९९४ मध्ये असाच कायदा केला. उलट मेक्सिको शहराने २०१० मध्ये आपली सक्ती उठवली, आणि इस्राएलने २०११ मध्ये प्रौढांवरची सक्ती बऱ्याच अंशी काढून घेतली.

नेदरलँड्स म्हणजे आपल्याला दुधाळ गायींमुळे ठाऊक असलेला हॉलंड. तिथे आबालवृद्ध सायकलीने हिंडतात आणि रोजच्या वापरात बहुतेकांच्या डोक्यावर काही नसते. तरीही तो देश सायकलस्वारासाठी जगातल्या सुरक्षित देशांत मोजला जातो, कारण सायकलीचा रस्ता वेगळा काढलेला आहे आणि मोटारीला गावात हळू चालावेच लागते. जपानने मधला मार्ग धरला. १ एप्रिल २०२३ पासून तिथे सर्व वयाच्या सायकलस्वारांनी हेल्मेट वापरण्याचा प्रयत्न करावा, असे कायद्यात लिहिले. न वापरल्यास दंड मात्र ठेवला नाही.

आता हे आपल्या गावाला लावून पाहा. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळाली. ज्या गावाला वेळेवर एस.टी. नाही, त्या गावच्या मुलीची शाळा त्या दोन चाकांवर उभी आहे. उद्या कोणी फतवा काढला की हेल्मेट नसेल तर फाटकात सायकल घेणार नाही, तर काय होईल? ज्याच्या घरी पैसा आहे तो हेल्मेट आणील. ज्याच्या घरी बी-खताचीच उधारी आहे तो म्हणेल, "राहू दे आता, दहावी झालीच हाय." मुलीचे डोके वाचवायला निघालो आणि तिचे शिक्षणच बुडाले, असा हा व्यवहार होईल. पडण्याचा धोका कधीतरीचा आहे. शाळा सुटण्याचे नुकसान जन्माचे आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. सायकलीला हेल्मेटाची सक्ती नको, दंड नको, फाटकावर अडवणूक तर मुळीच नको. पण सक्ती नको म्हणजे हेल्मेटच नको, असे कोणी त्यावरून काढू नये.

फवारणीचा धडा

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. त्यानंतर सर्वांच्या तोंडी एकच शब्द आला: संरक्षक किट. मास्क, हातमोजे, चष्मा, अंगरखा. किट हवेच, मी स्वतः ते घालायला सांगत आलो आहे. पण नुसते किट वाटून प्रश्न सुटतो काय? डोक्याइतकी वाढलेली कपाशी, कोंदट ऊन, दोन-तीन औषधे एकत्र कालवण्याची पद्धत, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारणी, रोजंदारीवर सलग कितीतरी तास पाठीवर पंप. ही मूळ कारणे तशीच ठेवली आणि शेवटी मजुरालाच विचारले की तू मास्क का नाही घातलास, तर तो न्याय नव्हे.

विस्ताराच्या कामात आम्ही एक क्रम सांगतो. आधी विषाची गरजच कमी करा. मग कमी घातक औषध निवडा. मग वेळ, वारा आणि मात्रा सांभाळा. आणि शेवटी अंगावर किट घाला. किट हे शेवटचे कुंपण आहे. पहिली तीन कुंपणे मोडून चौथ्यावर सगळा भार टाकला तर तेही टिकत नाही.

सायकलीचेही तसेच आहे. हेल्मेट हे शेवटचे कुंपण. त्याच्या आधीची कुंपणे म्हणजे रस्त्याची कड, वाहनाचा वेग, सायकलीचा दिवा आणि ब्रेक. सायकलस्वार हा रस्त्यावरचा सर्वांत दुबळा माणूस. सगळी जबाबदारी त्याच्याच डोक्यावर ठेवायची आणि भरधाव जाणाऱ्याला मोकळे सोडायचे, हे बरोबर नाही.

आधी आपले रस्ते पाहा

आपले मालेगाव दोन मोठ्या वाटांच्या फाट्यावर आहे. अकोल्याहून मेडशीमार्गे वाशिमकडे जाणारा महामार्ग इथून जातो, आणि नागपूर ते छत्रपती संभाजीनगर हा जुना रस्ताही. समृद्धी महामार्गावर सायकलीला प्रवेशच नाही, पण त्याच्याकडे धावणारी वाहने आपल्याच रस्त्यांवरून जातात. रस्ते रुंद झाले ही चांगली गोष्ट. बाजारपेठ जवळ आली, रुग्णवाहिका लवकर येते. पण रुंद रस्त्याने वेग वाढवला, आणि पांदणीतून सायकल घेऊन त्या वेगात शिरणारा मुलगा तोच राहिला.

थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते. समोर काही दिसल्यावर चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक ते दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी १७ ते २५ मीटर पुढे आलेली असते. अंधारात, काळपट कपड्यातला, दिवा नसलेला सायकलस्वार चालकाला दिसतो तोच मुळी फार जवळ आल्यावर. अशा वेळी हेल्मेटापेक्षा मागे चमकणारा तांबडा तुकडा लाख मोलाचा ठरतो. तो दुरून दिसतो, आणि धडक होऊच देत नाही.

आता थोडे कडू बोलतो, रागावू नका. रस्ता धोक्याचा करण्यात आपलाही हात आहे. सोयाबीन निघाले की डांबरी रस्त्यावर वाळत घालतो, तुरीच्या तुराट्या चाकाखाली जाऊन दाणे सुटावेत म्हणून पसरतो. सोयाबीनच्या दाण्यावर सायकलीचे चाक म्हणजे गोट्यांवर ठेवलेला पाय. कडेने दगड मांडतो आणि माल उचलल्यावर ते दगड तिथेच राहतात. ट्रॅक्टरची ट्रॉली रात्री मागच्या दिव्याशिवाय उभी करतो. बैलगाडीच्या मागे साधी चमकपट्टी लावत नाही. मग दुसऱ्याच्या पोराचे डोके फुटते तेव्हा आपणच हळहळतो. मळणी खळ्यावर किंवा ताडपत्रीवर करावी. ट्रॉलीच्या मागे दोन्ही कोपऱ्यांवर तांबड्या चमकपट्ट्या लावाव्यात. यासाठी सरकारी योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

घरी काय करावे?

शाळा उघडण्यापूर्वी एक संध्याकाळ सायकलीला द्या. पेरणीपूर्वी तिफणीची फणे तपासता, तशीच ही तपासणी.

पहिले ब्रेक. ब्रेकची रबरे झिजून लोखंड उघडे पडले असेल तर ती आजच बदला. पावसात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, हे मुलांना ढकलत-थांबवत करून दाखवा. दुसरे, मागे तांबडा आणि पुढे पांढरा चमकणारा तुकडा. पायडललाही असल्यास उत्तम. ज्यांना पहाटे किंवा अंधार पडल्यावर जावे लागते, त्यांनी बॅटरीचा लहान दिवा लावावा. हिवाळ्यात शाळा सुटून घरी पोहोचेपर्यंत दिवस मावळतो, हे विसरू नका. तिसरे, घंटी. चौथे, मुलींच्या सायकलीला चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी. ओढणी चाकात अडकून होणारे अपघात हेल्मेटाने टळत नाहीत. ओढणी मागे गाठ मारून बांधावी. पाचवे, बैठकीची उंची. थोरल्या भावाची सायकल धाकटीला देताना सीट खाली करा. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत.

ओझ्याचेही नियम आहेत. दुधाच्या कॅन दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या असाव्यात. विळा, कुऱ्हाड, फावडे यांचे पाते बाहेर काढून बांधू नये. पोत्यात गुंडाळून कॅरियरवर लांबीच्या दिशेने बांधावे. हँडलला पिशवी अडकवली की सायकल ऐन वेळी वळत नाही.

आणि चालण्याची रीत. डावी कड सोडू नये. पांदणीतून डांबरी रस्त्यावर येताना उतरावे, दोन्हीकडे पाहावे, मग चढावे. दुभाजक असलेल्या रस्त्यावर थोडे अंतर वाचवायला उलट्या दिशेने जाणे ही फार वाईट सवय लागली आहे. ती मोठ्यांनी सोडली तर मुले सोडतील. दोघे-तिघे गप्पा मारत आडवे चालू नये. कानात गाण्याची दोरी नको.

हेल्मेट घ्यायचे तर

हे सर्व झाल्यावर हाती पैसा असेल तर हेल्मेट अवश्य घ्या. कोणी आधी घ्यावे? माझ्या मते प्रथम मुलांनी, मग महामार्गावरून रोज जाणाऱ्यांनी, मग साठीच्या पुढच्यांनी. वय झाल्यावर तोल लवकर जातो. गावातल्या गावात, पांदणीने स्वतःच्या वावरात जाणाऱ्याने घातले नाही तर मी त्याला बोल लावणार नाही.

घेताना ते सायकलीसाठीच बनवलेले, भोके असलेले, हलके घ्यावे. मोटारसायकलचे जड हेल्मेट घालून वैशाखाच्या उन्हात पायडल मारवत नाही, शिवाय कान झाकतात. बांधकामावरची पिवळी टोपी इथे चालणार नाही. ती वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असते, बाजूने पडणाऱ्या माणसासाठी नव्हे. फेटा किंवा पागोटे उन्हाला उत्तम, पण पडताना ते डोक्यावर राहीलच याचा भरवसा नाही.

घालताना पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे असावी. पट्टे कानाच्या खाली एकत्र यावेत. हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटे जातील इतकाच सैलपणा ठेवावा. वेणी खाली बांधावी म्हणजे हेल्मेट नीट बसते. कपाळ उघडे टाकून मागे सरकवलेले हेल्मेट नुसते ओझे आहे. आणि एक महत्त्वाची सूचना: सायकलवरून उतरल्यावर मुलांनी ते काढून ठेवावे. ते घालूनच झाडावर चढले किंवा झोपाळ्यावर खेळले, तर पट्टा अडकून गळ्याला फास बसू शकतो.

पडलेच तर

डोक्याला मार लागलेला माणूस उठून बसला, बोलू लागला, म्हणून निश्चिंत राहू नये. पुढचे चोवीस तास त्याच्यावर लक्ष ठेवावे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, यांतले काहीही दिसले तर दवाखाना गाठावा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नये, मान हलवू नये, १०८ ला फोन करावा. हळद भरणे, लिंबू उतरवणे यात वेळ घालवू नये. आणि पोलिसांच्या झंझटीच्या भीतीने कोणी दूर उभे राहू नका. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले आहे.

ग्रामसभेत काय मांडावे?

शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत हा विषय घ्या, पण हेल्मेटाच्या दंडापासून सुरुवात करू नका. गावाचा फाटा महामार्गाला लागतो तिथे सूचनाफलक, रात्रीचा दिवा आणि वेग रोखण्याची सोय मागा. ठराव लिहून रस्ता ज्या खात्याचा असेल त्याला पाठवा आणि पोच घ्या. कडेची झुडपे वाढून वळण झाकले असेल तर ती श्रमदानाने तोडा. शाळेतल्या सर्व सायकलींना एकाच दिवशी चमकपट्ट्या लावून द्या. खर्च फार नाही, आणि गावात एखादा तरी सायकल दुरुस्तीवाला असा असतोच की जो पोरांच्या ब्रेकसाठी एक दिवस फुकट देईल. हेल्मेटासाठी ज्यांची ऐपत नाही अशा मुलांना गावकऱ्यांनी वर्गणीतून मदत केली तर त्यासारखे पुण्य नाही. वाढदिवसाचे फलक लावण्यापेक्षा तो पैसा कामी येईल.

सायकल हे गरिबाचे वाहन आहे. तिला तेल लागत नाही, हप्ता लागत नाही, आणि तिच्यामुळे आपल्या कितीतरी मुली पहिल्यांदा गावाबाहेरची शाळा पाहत आहेत. ती चालती राहिली पाहिजे, आणि तिच्यावर बसलेले लेकरू संध्याकाळी धड घरी आले पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकदम साधायच्या आहेत. तेव्हा वाद पारावर चालू द्या, पण तोवर घरच्या सायकलीची ब्रेकची रबरे एकदा बघून घ्या.

पुढच्या अंकात सोयाबीनची उगवणशक्ती घरच्या घरी, गोणपाटावर कशी तपासावी, याची माहिती देईन. तोवर घरचे बियाणे चाळून ठेवावे आणि पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी), मालेगाव, जि. वाशिम